मोर्तबाची जागा

चाळीसगावच्या पुढे उद्गारचिन्ह का छापले आहे, असे माझ्या मामांनी मला फोनवर विचारले, तेव्हा ते थट्टा करीत आहेत असेच मला वाटले. मामांचा अमळनेर तालुक्यात कापूस खरेदीचा लहानसा व्यवसाय आहे. दिवाळीनंतर काट्यावर गाड्यांची रांग लागली की कोणत्या तालुक्यातून किती माल आला याचा तक्ता त्यांना रोज संध्याकाळी लागतो, आणि तो हाताने करण्याचा कंटाळा आल्यामुळे त्यांनी ते काम माझ्या गळ्यात घातले होते. मी एका महाविद्यालयात सी ही भाषा बरीच वर्षे शिकवली आहे. त्यामुळे मामांच्या दुकानातल्या जुन्या, लिनक्सवर चालणाऱ्या संगणकासाठी मी तो प्रोग्रॅम सीमध्येच लिहिला. दुसऱ्या एखाद्या भाषेत तो दहा ओळींत झाला असता, हे मला तेव्हाही माहीत होते. पण ज्याला विळा वापरायची सवय असते तो वांगी चिरायलाही विळाच घेतो.

तक्त्यात जळगाव जिल्ह्याचे पंधरा, धुळ्याचे चार आणि नंदुरबारचे सहा असे पंचवीस तालुके होते. त्यांतले बावीस व्यवस्थित छापून आले होते. चाळीसगाव, शिंदखेडा आणि नंदुरबार या तीन नावांपुढे मात्र ठसठशीत उद्गारचिन्ह होते. मामा घरच्या बोलीत म्हणाले, ‘‘बापू, हाई काय शे? चाळीसगाववाला वरडी राहिनात का?’’

मी हसलो खरा, पण फोन ठेवल्यावर हसू मावळले, कारण माझ्या प्रोग्रॅममध्ये उद्गारचिन्ह छापण्याची सूचना कुठेही नव्हती.

या उद्गारचिन्हापूर्वीची एक चूक आधी सांगायला हवी, कारण ती झाली नसती तर दुसरी झालीच नसती. प्रोग्रॅमच्या पहिल्या खर्ड्यात पंचवीसच्या पंचवीस ओळींवर ‘अक्राणी’ हेच नाव आले होते. फाइलमधून एक ओळ वाचायची, ती तात्पुरत्या जागेत ठेवायची आणि यादीतल्या त्या क्रमांकाच्या घरात नोंदवायची, असे मी लिहिले होते. परंतु सीमध्ये मजकूर नोंदवणे म्हणजे सरळ बरोबरीचे चिन्ह घालणे असे समजले, तर नोंदला जातो तो मजकूर नव्हे, त्या मजकुराचा पत्ता. पंचवीस जणांनी एकाच घराचा पत्ता लिहून घेतला म्हणून घरे पंचवीस होत नाहीत. त्या घरात दर ओळीला नवा बिऱ्हाडकरू येत होता आणि शेवटचा अक्राणीचा होता, म्हणून ज्याने ज्याने दार वाजवले त्याला अक्राणीच भेटले. ही चूक मी विद्यार्थ्यांच्या वह्यांत इतक्या वेळा लाल शाईने गोल केली आहे की माझ्या हातून ती झाल्याचे कोणाला सांगितले नाही.

उपाय सर्वांना ठाऊक असलेला आहे. प्रत्येक नावासाठी मेमरीत नवी जागा मागायची आणि तात्पुरत्या जागेतला मजकूर तिथे उतरवून घ्यायचा. मजकुराची लांबी स्ट्रलेनने मोजायची, तेवढी जागा मॅलॉककडून घ्यायची, मग स्ट्रकॉपीने नक्कल करायची. मी तसे केले, पंचवीस वेगवेगळी नावे आली, आणि मी तो प्रोग्रॅम मामांकडे पाठवून दिला. चूक ‘तेवढी’ या शब्दात होती.

सीमधील मजकुराला आपली लांबी ठाऊक नसते. तो कुठे सुरू होतो हे पत्त्यावरून कळते, आणि कुठे संपतो हे कळावे म्हणून शेवटच्या अक्षरानंतर एक शून्य बाइट ठेवलेला असतो (बाइट म्हणजे मेमरीतले एका लहान आकड्याचे घर). स्ट्रलेन पहिल्या बाइटपासून चालत जाते आणि शून्य दिसले की थांबते; वाटेत मोजलेले बाइट सांगते, शून्य मात्र मोजत नाही. स्ट्रकॉपी मजकूर उतरवते आणि शेवटी ते शून्यही उतरवते. म्हणजे मोजणारी एक कमी मोजते, लिहिणारी एक जास्त लिहिते, आणि या दोघींच्या मध्ये उभे राहून ‘अधिक एक’ म्हणण्याचे काम लिहिणाऱ्या माणसाकडे राहते. मी ते म्हटले नव्हते.

हे शून्य विद्यार्थ्यांना समजावताना मी पूर्वी पूर्णविरामाचे उदाहरण देत असे. ते फारसे चांगले नव्हते, कारण पूर्णविराम गाळला तरी वाचणारा थांबतो. पुढे जुन्या मराठी पत्रव्यवहाराविषयी वाचताना मला योग्य शब्द सापडला. धुळ्यात इतिहासाचार्य राजवाड्यांच्या नावाचे संशोधन मंडळ आहे. राजवाडे १९२६ साली धुळ्यातच वारले, आणि खानदेशात वाढलेल्या माणसाला जुन्या कागदांचे नाव काढले की ती इमारत आठवते. त्या काळच्या राजपत्रांत मजकूर संपला की शेवटी मोर्तब होत असे. शिवाजी महाराजांच्या पत्रांच्या अखेरीस उठवलेल्या मुद्रेवर ‘मर्यादेयं विराजते’ अशी अक्षरे असत; पत्राची मर्यादा इथे संपली, यापुढे कोणी काही लिहिले तर ते आमचे नव्हे, असा तिचा अर्थ. ती मुद्रा मजकुराचा भाग नसे, पण तिला कागदावर जागा लागे. मजकूर कागदाच्या अगदी काठापर्यंत लिहून मग मुद्रा उठवायला जाणाऱ्या कारकुनाची मुद्रा कागदाबाहेर, बैठकीवर उमटली असती. माझी तशीच उमटली होती.

लांबी मजकुरासोबत लिहून का ठेवली नाही, असा प्रश्न हुशार विद्यार्थी विचारतातच. पास्कल भाषेच्या अनेक रूपांत ती पहिल्या बाइटमध्ये लिहून ठेवत, आणि एका बाइटमध्ये २५५ च्या वर आकडा मावत नसल्यामुळे मजकूरही तेवढ्यावरच अडे. बेल लॅब्जमध्ये केन टॉम्प्सन यांनी तयार केलेल्या बी या भाषेत मजकुराच्या शेवटी खूणचिन्ह ठेवण्याची पद्धत होती, आणि तीच डेनिस रिची यांनी १९७०च्या दशकाच्या आरंभी सीमध्ये पुढे चालवली. रिची यांनी नंतर दिलेली कारणे दोन आहेत: लहान घरात लांबी लिहिल्याने येणारी मर्यादा टाळायची होती, आणि लांबी सांभाळत बसण्यापेक्षा खूण ठेवणे त्यांना सोयीचे वाटले होते. त्या सोयीचा भुर्दंड पुढच्या पन्नास वर्षांत किती लोकांनी भरला याचा हिशेब कोणाकडे नाही, पण मामांच्या तक्त्यावरची तीन उद्गारचिन्हे त्या खात्यात माझ्या नावावर जमा आहेत.

आता त्या तीन नावांकडे वळतो, कारण खरी गंमत तिथे आहे. चूक पंचवीस नावांत झाली होती. प्रत्येकाचे मोर्तब एक बाइट बाहेर पडले होते. मग बावीस नावे सुटली कशी?

देवनागरीचे प्रत्येक चिन्ह संगणकात अक्षरे साठवण्याच्या यूटीएफ-८ या पद्धतीत तीन बाइट घेते, आणि चिन्ह म्हणजे आपण ज्याला अक्षर म्हणतो ते नव्हे. काना, मात्रा, वेलांटी, अनुस्वार, हलन्त ही सगळी वेगळी चिन्हे. चाळीसगाव हे उच्चारायला पाच अक्षरांचे नाव आहे, पण च, काना, ळ, वेलांटी, स, ग, काना, व अशी त्यात आठ चिन्हे आहेत, म्हणजे २४ बाइट. शिंदखेडा चार अक्षरांचे, तरीही आठ चिन्हांचे. नंदुरबारचीही आठच. धुळे १२ बाइटांत बसते, रावेर आणि चोपडा १५ मध्ये, भुसावळ आणि एरंडोल १८ मध्ये. अक्कलकुव्याला २७ लागतात आणि मुक्ताईनगरला ३०. मी सगळ्या तालुक्यांचे बाइट कागदावर मोजले, आणि चोवीसचा आकडा नेमका त्या तीन नावांपुढेच आला.

मॅलॉककडे मागितली तेवढीच जागा मिळते असे नाही. लिनक्सवर सर्रास असणाऱ्या जीलिबसी या लायब्ररीत, ६४ बिटांच्या यंत्रावर, वापरण्याजोगा सर्वांत लहान तुकडा २४ बाइटांचा असतो. त्यानंतर ४०, मग ५६, असे सोळासोळाने तुकडे वाढत जातात. धुळ्यासाठी मी बारा बाइट मागितले तरी मिळाले चोवीस, त्यामुळे तेराव्या जागी पडलेले मोर्तब आपल्याच वावरात पडले. मुक्ताईनगरसाठी तीस मागितले आणि मिळाले चाळीस. चोवीस मागितले तेव्हा मात्र बरोबर चोवीसच मिळाले, आणि पंचविसाव्या जागी पडणारे शून्य सरळ पुढच्या तुकड्याच्या हद्दीत गेले.

त्या हद्दीत काय असते? प्रत्येक तुकड्याच्या डोक्याशी आठ बाइटांत वाटपकर्ता, म्हणजे मॅलॉकच्या आड बसून मेमरीची जागा वाटणारा भाग, स्वतःसाठी त्या तुकड्याचा आकार टिपून ठेवतो. सर्वांत लहान तुकडा हिशेबात ३२ बाइटांचा धरला जातो, आणि ‘माझ्या आधीचा तुकडा वापरात आहे’ अशी खूण म्हणून त्यात एक मिळवला जातो, होतात ३३. माझे शून्य त्या जागी पडले, मग पुढच्या नावासाठी मी पुन्हा जागा मागितली, तेव्हा वाटपकर्त्याने आपल्या नियमाप्रमाणे त्याच बाइटवर ३३ लिहिले. अक्षरांना क्रमांक देणाऱ्या आस्की तक्त्यात ३३ हा क्रमांक उद्गारचिन्हाचा आहे. छपाई करणारी ओळ चाळीसगावच्या व पाशी आली, शून्य सापडले नाही म्हणून एक पाऊल पुढे गेली, शेजाऱ्याच्या वहीतला आकार अक्षर समजून छापला, आणि त्या आकड्याचे पुढचे बाइट शून्यच असल्याने तिथे थांबली. मोर्तब शेजाऱ्याच्याच वहीतून उसने मिळाले होते.

हे कळल्यावर मला जो आनंद झाला तो चूक करणाऱ्याला शोभणारा नव्हता. ताळा म्हणून मी फाइलमधला क्रम बदलून नंदुरबारच्या लगेच पुढे अक्कलकुवा ठेवले. अक्कलकुव्याचा तुकडा मोठा, हिशेबात ४८, अधिक एक म्हणजे ४९. आणि ४९ हा आस्कीमध्ये इंग्रजी एक या आकड्याचा क्रमांक. छापून आले ते नंदुरबार आणि त्याला चिकटलेला एक. शेजारी बदलला की शेपूट बदलते, याहून स्वच्छ पुरावा मला नको होता.

हे सगळे पडद्यावर आले म्हणून कळले, हे मात्र माझे नशीब. बावीस नावांच्या बाबतीत चूक तशीच होती आणि प्रोग्रॅम बरोबर चालत होता. वर्गात ‘अधिक एक’ राहिलेला प्रोग्रॅम मी खोडला की ‘‘सर, पण चालतंय ना!’’ असे उत्तर येते, आणि त्या मुलाला खोटे ठरवणे अवघड असते, कारण त्याच्या उदाहरणात ‘राम’ किंवा ‘हॅलो’ असे काहीतरी असते आणि ते खरोखरच चालत असते. आता मी फळ्यावर चाळीसगाव लिहितो.

उद्गारचिन्हांचे कोडे सुटण्याआधीच मामांनी तालुक्यांच्या जोडीला शेतकऱ्यांची नावेही यादीत घालायला लावली होती, त्याचाही अनुभव नोंदवतो. पूर्ण नावे लांब असतात. त्यामुळे तुकडे मोठे, आणि काही आडनावांपुढे इंग्रजी ए, तर काहींपुढे क्यू छापून आला. ६४ अधिक एक आणि ८० अधिक एक यांची ती अक्षरे. मामांना ती कुठल्याशा पदव्यांची आद्याक्षरे वाटली आणि त्यांनी फोन केला नाही. सुमारे दोन हजार नावे झाल्यावर मात्र प्रोग्रॅम मध्येच मरून पडला, आणि तोही भलत्याच ओळीवर, जिथे काहीही चुकीचे नव्हते. कारण असे की नाव उतरवतेवेळी पुढे दुसरा तुकडा नसतोच. तिथे वाटपकर्त्याची न वाटलेली उरलेली जमीन असते, आणि तिच्या शिल्लक आकड्याचा खालचा बाइट माझ्या शून्याने वारंवार पुसला जात होता. सुरुवातीला घेतलेली १३२ किलोबाइटची जमीन संपून नवी मागायची वेळ आली तेव्हा वाटपकर्त्याने शिल्लक ताडून पाहिली, हद्द जुळेना, आणि त्याने प्रोग्रॅम तिथल्या तिथे बंद केला. दुखणे पेरले एका ठिकाणी आणि उगवले दुसऱ्या ठिकाणी, हा मेमरीच्या चुकांचा स्वभावच आहे, आणि म्हणून त्या वाचून सापडत नाहीत.

शोधायला साधने आहेत. व्हॅलग्राइंडखाली प्रोग्रॅम चालवला तेव्हा त्याने एका क्षणात सांगितले की अमुक ओळीवर एक बाइट गैर लिहिला गेला असून तो चोवीस बाइटांच्या तुकड्यानंतर शून्य बाइट अंतरावर आहे. ‘शून्य बाइट अंतरावर’ हे शब्द मला फार आवडले. बांधाला लागून, असे आपण म्हटले असते. हे साधन मी मामांकडे प्रोग्रॅम पाठवण्याआधी चालवले असते तर हा लेख लिहावा लागला नसता.

दुरुस्ती दोन प्रकारे करता आली असती. एक म्हणजे ‘अधिक एक’ लिहिणे. दुसरी म्हणजे हे तिन्ही टप्पे एकत्र करणारे स्ट्रडप वापरणे: ते मजकूर मोजते, एक जास्त धरून जागा मागते, नक्कल करते आणि नव्या जागेचा पत्ता हातात देते. कर्निघन आणि रिची यांच्या सीवरील पुस्तकाच्या १९८८च्या आवृत्तीत हे फंक्शन उदाहरण म्हणून लिहून दाखवले आहे, आणि त्यातल्या जागा मागणाऱ्या ओळीपुढे ते अधिक एक शून्यासाठी आहे अशी टीपही आहे. भाषा घडवणाऱ्या रिचींच्या पुस्तकातही ती टीप लिहावीशी वाटली, एवढे मला पुरे आहे. गंमत अशी की इतके उपयोगी फंक्शन सीच्या प्रमाणित लायब्ररीत कित्येक वर्षे नव्हतेच. १९८९च्या पहिल्या प्रमाणात, म्हणजे भाषेच्या अधिकृत नियमावलीत, ते घेतले गेले नाही. पॉझिक्स या युनिक्ससारख्या प्रणालींच्या नियमावलीत ते होते, त्यामुळे युनिक्स-लिनक्सवर सगळे वापरत होते. पण सीच्या अधिकृत प्रमाणात ते आले सी-२३ या आवृत्तीत, आणि तिचे प्रकाशन झाले २०२४ साली.

इतकी वर्षे ते बाहेर का राहिले, याविषयी मला जे कारण पटते ते असे. प्रमाणातल्या मजकूर हाताळणाऱ्या इतर फंक्शनांना जागा आपण द्यायची आणि त्यांनी त्यात लिहायचे, असा जुना करार आहे. जागा मागायची असेल तर मॅलॉककडे उघडपणे मागायची. स्ट्रडप हा करार मोडते. ते आतल्या आत जागा मागते आणि तिची परतफेड तुमच्यावर टाकते, आणि नावात तसे कुठेच म्हणत नाही. मामांच्या धंद्यात याला बारदानाचा प्रश्न म्हणतात. माल पोत्यांतून येतो, मालाचा भाव ठरतो, पैसे चुकते होतात, आणि पोती कोणाची, ती परत कोणी करायची, यावरून हंगामाच्या शेवटी भांडणे होतात. स्ट्रडपने दिलेली नक्कल बारदानासकट येते. ती घेणाऱ्याने काम संपल्यावर फ्री म्हणून परत करायची असते. केली नाही तर जागा अडकून राहते, दोनदा केली तर वाटपकर्त्याच्या वहीत गोंधळ, आणि परत केल्यावरही तिच्यातला मजकूर वाचत राहिले तर त्या जागी पुढचा बिऱ्हाडकरू भेटतो आणि आपण पुन्हा अक्राणीच्या दाराशी येतो. जागा मिळालीच नाही तर स्ट्रडप नल, म्हणजे कुठेच न नेणारा रिकामा पत्ता, देते, आणि हे तपासायचे कामही घेणाऱ्याचेच. उलट, तुम्हीच त्याला नल दिले तर ते तपासत नाही. प्रोग्रॅम बहुधा तिथेच कोसळतो. तरीही मी स्ट्रडपच्या बाजूचा आहे. ‘अधिक एक’ दरवेळी आठवायचे असेल तर एखाद्या वेळी विसरणारच, आणि विसरायला नावाआधी प्राध्यापक असण्याची अट नाही.

मामांच्या प्रोग्रॅममध्ये स्ट्रडप घातले, नल तपासला, पडताळणी केली, उद्गारचिन्हे गेली. पंचवीस तालुक्यांची नावे मी शेवटी फ्री केलेली नाहीत, हे कबूल करतो. ती शेवटपर्यंत लागतात, आणि प्रोग्रॅम बंद झाला की सगळी मेमरी ऑपरेटिंग सिस्टीम परत घेतेच. तत्त्व म्हणून विद्यार्थ्यांना हे मी सांगत नाही.

एक अडचण उरली. तक्त्यात तालुक्याचा रकाना अरुंद होता आणि मुक्ताईनगर त्यात मावत नव्हते. नाव आखूड करून उतरवावे म्हणून मी आधी स्ट्रएनकॉपीकडे पाहिले आणि लगेच मागे फिरलो. नाव फसवे असले तरी ते स्ट्रकॉपीचे सुरक्षित भावंड नाही. जुन्या युनिक्समध्ये फाइलींची नावे चौदा बाइटांच्या ठरावीक चौकटीत ठेवत, त्या कामासाठी ते होते. मजकूर चौकटीपेक्षा लहान असेल तर ते उरलेली जागा शून्यांनी भरून काढते, आणि चौकटीइतका किंवा मोठा असेल तर शेवटी शून्य ठेवतच नाही, म्हणजे मोर्तबच करीत नाही. म्हणून मी स्ट्रएनडप घेतले, ते ठरावीक बाइटांपुरतीच नक्कल करते आणि शून्य मात्र न चुकता ठेवते. मर्यादा दिली वीस बाइटांची. छापून आले ‘मुक्ता’ आणि त्यापुढे एक मोडका चौकोन. वीस बाइटांत सहा चिन्हे पूर्ण मावली आणि ‘ई’चे तीनपैकी दोनच बाइट आत आले, तिसऱ्याविना तो ‘ई’ कोणाच्याच ओळखीचा राहिला नाही. मर्यादा तीनच्या पटीत ठेवून पाहिली, तेव्हा बारा बाइटांवर ‘मुक्’ आले, पाय मोडलेला क घेऊन. चिन्हाच्या सीमेवर कापले तरी अक्षराच्या सीमेवर कापले असे होत नाही, आणि अक्षर कुठे संपते हे सांगणारे फंक्शन सीच्या मजकूर विभागात नाही. त्यासाठी वेगळी लायब्ररी जोडावी लागते. ती जोडायला मी दोन संध्याकाळ घालवल्या आणि मामांना सांगितले की अजून थोडे दिवस लागतील.

मामांनी कशासाठी म्हणून विचारले. मी सगळे समजावले. ते शांतपणे ऐकून म्हणाले, ‘‘रकाना रुंद कर, कागद मी देसू.’’

मी स्ट्रएनडप काढून स्ट्रडप परत घातले आणि रकाना दोन सेंटिमीटरने वाढवला. मुक्ताईनगर पूर्ण आले, आणि पुढे थोडी जागाही शिल्लक राहिली.